केसाहून बारीक वाटेने उजेडाचा प्रवास



अकोल्याच्या बाजारातला तुरीचा भाव, सातबारा, पोरीच्या परीक्षेचा निकाल, हे सारे आता घरबसल्या मोबाइलवर दिसते. मोबाइलपासून टॉवरपर्यंतचा टप्पा हवेतून होतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण तिथून पुढे काय? पुढचा बहुतेक प्रवास होतो काचेच्या तंतूतून, उजेडाच्या रूपाने. अकोला आणि बडनेऱ्यावरून जाणाऱ्या मुंबई-हावडा रेल्वेमार्गालगत असे तंतू गेले आहेत. ग्रामपंचायती जोडण्यासाठी २०११ साली मंजूर झालेली, आज भारतनेट म्हणून ओळखली जाणारी योजनाही त्यांच्यावरच उभी आहे.

तुम्ही विचाराल, काचेतून उजेड बाहेर कसा सांडत नाही? विहिरीत बुडी मारून तिरप्या नजरेने वर पाहा. पाण्याचा पृष्ठभाग आतून आरशासारखा दिसतो. पाण्यातून हवेकडे फार तिरपा निघालेला उजेड बाहेर न पडता पुन्हा पाण्यातच वळतो. तंतूतही आत एका काचेचा गाभा आणि त्याभोवती दुसऱ्या काचेचे कवच असते. गाभ्यात थोडे जर्मेनियम मिसळलेले असते, म्हणून तिथे उजेडाची चाल कवचातल्यापेक्षा किंचित मंद असते. एवढ्याशा फरकाने उजेड गाभ्याला धरून राहतो.

आता खरी गंमत पाहा. निरोप जातो तो उजेडाच्या लुकलुकण्यातून, सेकंदाला अब्जावधी वेळा. गाभा रुंद असेल तर उजेडाला पुष्कळ वाटा मिळतात. समजा, गावातून दहा जण एकदम शेगावला निघाले. कोणी सडकेने, कोणी धुऱ्याधुऱ्याने, कोणी नाल्याच्या काठाने. पोचतील सगळे, पण मागेपुढे. त्यांच्या मागोमाग दुसरी टोळी निघाली, तर दोन्ही टोळ्यांची सरमिसळ होईल. लांबच्या पल्ल्यात निरोपाचेही असेच होते.

यावर उपाय म्हणजे सिंगल मोड तंतू. याचा गाभा असतो सुमारे ९ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. उजेडाच्या अवघ्या सहा-सात लहरी आडव्या मावतील एवढीच ती जागा. तिथे उजेड या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत जात नाही. त्याच्या लहरीला एकाच रीतीने पुढे सरकता येते. वाट एकच, म्हणून मागेपुढे होणे फारच थोडे.

काच स्वच्छ केली तर उजेड लांब जाईल, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली दाखवून दिले. त्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात असा काचतंतू टेलिफोनसाठी प्रथम पुण्यात, १९७९ साली वापरात आला. आजची काच किती स्वच्छ? अकोल्याहून शंभर भाग उजेड सोडला, तर ८० किलोमीटरवरच्या बडनेऱ्याला अडीच भाग पोचतो, आणि निरोप वाचायला तेवढा पुरतो! वेळ लागतो सेकंदाचा अडीच हजारावा भाग.

पण ही वाट नाजूक आहे. तंतू बोटाभोवती गुंडाळला तरी उजेड गळू लागतो. केबल तुटली, तर दोन्ही टोके यंत्राखाली धरून, गाभ्यासमोर गाभा आणून वितळवून जोडावी लागतात. तोवर सेवा केंद्रातला दाखला अडतो, बँकेचे काम अडते, रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही.

म्हणून पाइपलाइनची नाली काढण्याआधी सडकेच्या कडेला केबलच्या खुणेचे दगड आहेत का, ते पाहा. ग्रामपंचायतीत विचारा. जेसीबीवाल्या ठेकेदाराला ‘कॉल बिफोर यू डिग’ या सरकारी ॲपवर जागा नोंदवायला सांगा. ते मार्च २०२३ पासून सुरू आहे. केबल उघडी पडलीच, तर ओढू नका. तंतूत तांबे नसते, भंगारात त्याला मोल नाही. तुटक्या टोकात डोळा लावून पाहू नका. आतला उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. काचेची कुसळे बोटात जातात, म्हणून लेकरांना दूर ठेवा आणि लगेच ग्रामपंचायतीला कळवा.