मराठ्यांच्या पहाऱ्यातील चित्रे

उरणच्या किनाऱ्यावर उभे राहिले असता समोरच घारापुरीचे बेट दिसते. नव्या मुंबईची वसाहत वाढत वाढत आता या किनाऱ्यापाशी येऊन ठेपली आहे, न्हावा-शेवा बंदराच्या अजस्र याऱ्या रात्रंदिवस हलत असतात, आणि त्यांच्या पलीकडे सहाव्या शतकातील ते शिवलेणे डोंगराच्या पोटात शांतपणे उभे आहे. आत गेल्यावर प्रेक्षकाची दृष्टी प्रथम त्या सुमारे १८ फूट उंचीच्या त्रिमुखी मूर्तीवर खिळते; परंतु थोड्याच वेळात तिला आजूबाजूचे दृश्यही दिसू लागते. कोठे हात नाही, कोठे मांडीपासून खालचा भागच नाही, कोठे खांबाचा मधला दगड नाहीसा झालेला. १५३४ साली हे बेट पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. पाण्याने व काळाने येथे आपला वाटा उचलला आहे हे खरे. तथापि अठराव्या शतकाच्या आरंभीच्या एका इंग्रज प्रवाशाच्या वृत्तान्तात असे नमूद आहे की, लेण्यातील प्रतिध्वनी ऐकण्याच्या हौसेने एका पोर्तुगीज सरदाराने आत तोफ डागली व काही खांब फोडले. लेण्याच्या दारावरील एक शिलालेख पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आला, तो कोणास वाचता आला नाही आणि पुढे हरवला. हे लेणे कोणी कोरविले, याविषयी विद्वानांत वाद आहे तो त्यामुळेच.

या साऱ्या नासधुशीत कोणाचाही प्राण संकटात नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कलाकृती वाचवावी की माणूस वाचवावा, असा प्रश्न विद्वानांच्या बैठकीत मोठ्या गांभीर्याने विचारला जातो. परंतु जगातील बहुतेक कलाकृती त्या प्रश्नाची वाट न पाहता, गमतीने, आळसाने किंवा उतावीळपणाने गेलेल्या आहेत. खरा पेच क्वचितच पडतो. तो पडला तेव्हा त्याच्या ऐन मध्यभागी मराठी माणसे उभी होती, हे मात्र महाराष्ट्रात फारसे कोणास ठाऊक नाही.

गोष्ट १९४४ सालच्या इटलीतील आहे. दोस्तांच्या फौजा दक्षिणेकडून रोमच्या दिशेने चालल्या असता त्यांच्या वाटेत माँते कासिनोची टेकडी आडवी आली. तिच्या माथ्यावर सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने स्थापिलेला मठ होता. टेकडीवर चढाई करण्याचे काम ज्यांच्याकडे आले त्यांत हिंदी फौजेची चौथी डिव्हिजन होती. गुरखे, राजपुताना रायफल्स, पंजाबी अशा पलटणी तीत होत्या. डोक्यावर असा किल्ल्यासारखा मठ असताना खालून शिपाई पाठविणे म्हणजे त्यांस मरणाच्या दारी लोटणे होय, असे या डिव्हिजनचे सेनापती टकर यांचे मत होते. तत्पूर्वी दोनच महिने, २९ डिसेंबर १९४३ रोजी, सरसेनापती आयसेनहोवर यांनी आपल्या अधिकाऱ्यांस एक पत्र धाडले होते. प्रसिद्ध वास्तू आणि आपले सैनिक यांपैकी एकाची निवड करणे भाग पडले, तर सैनिकांचे प्राण कितीतरी अधिक मोलाचे, असे त्यात स्पष्ट होते. पण त्याच पत्रात पुढे एक मार्मिक इशाराही होता : 'लष्करी निकड' हा शब्द कधी कधी नुसत्या लष्करी सोयीकरिता, किंबहुना एखाद्याच्या वैयक्तिक सोयीकरिताही वापरला जातो.

१५ फेब्रुवारी १९४४ रोजी विमानांनी मठाचा चक्काचूर केला. जर्मन सैन्य तेव्हा मठाच्या आत नव्हते. आत आश्रयास आलेले गरीब इटालियन स्त्री-पुरुष होते. त्यांतील शेकडो मेले. नंतर जर्मनांनी त्याच ढिगाऱ्यांत ठाणी मांडली, कारण सलग भिंतींपेक्षा पडक्या भिंतींत लपणे सोपे असते. टेकडी हाती आली ती १८ मे रोजी, पोलिश सैनिकांच्या हातून. म्हणजे मठ गेला, आणि ज्यांच्याकरिता तो बळी दिला त्या शिपायांचे प्राणही त्यामुळे वाचले असे म्हणवत नाही. टकर यांस दोष देणे मात्र सोपे नाही. ज्याला सकाळी आपल्या पलटणी वर पाठवावयाच्या आहेत, त्याने रात्री निर्णय करावयाचा असतो. मठातील ग्रंथसंपदा मात्र काही महिने अगोदरच गाड्यांतून रोमकडे हलविली गेली होती व ती वाचली.

त्याच उन्हाळ्यात फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येस माँतेगुफोनी नावाच्या एका गढीत दुसरा प्रसंग घडला. ही गढी सिटवेल नावाच्या इंग्रज कुटुंबाच्या मालकीची. फ्लॉरेन्सवर बाँब पडतील या भीतीने उफ्फीत्सी चित्रशाळेतील निवडक चित्रे तेथे आणून ठेविली होती. चेझारे फाझोला नावाचा त्या संस्थेचा ग्रंथपाल दोन्ही सैन्यांच्या मधून पायी चालत तेथे पोचला आणि चित्रांशेजारीच मुक्काम ठोकून राहिला. त्याला कोणी हुकूम दिला नव्हता. जुलैच्या अखेरीस जर्मन मागे हटले व गढीत शिरली ती आठव्या हिंदी डिव्हिजनमधील मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे 'जंगी पलटण'. एरिक लिंक्लेटर हा लेखक आणि वॉन-टॉमस हा बी.बी.सी.चा वार्ताहर तेथे पोचले तेव्हा त्यांस भिंतींशी टेकून ठेवलेली चित्रे दिसली. त्यांत उच्चेल्लोचे युद्धचित्र होते, जॉत्तोची मेरी होती, आणि बॉतिचेल्लीचा 'वसंत' होता : नारिंगांच्या बनात मध्यभागी रतिदेवी, एका बाजूस हात गुंफून नाचणाऱ्या तिघी, दुसऱ्या बाजूस फुले उधळीत येणारी वनश्री, लांबी ३ मीटरांहून अधिक. या चित्रांवर मराठा शिपायांचा पहारा बसला. फ्लॉरेन्स अद्याप जर्मनांच्या हाती होते.

कोकणातून व देशावरून आलेल्या त्या जवानांस बॉतिचेल्ली कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मोलाची वस्तू आहे, कोणी हात लावू नये, एवढे त्यांस पुरेसे होते. या पहाऱ्यासाठी कोणास जीव द्यावा लागला नाही. कलेचे रक्षण बहुधा अशाच स्वस्त उपायांनी होते : अगोदर हलवावे, झाकावे, दारावर माणूस उभा करावा. हे केले नाही म्हणजे मग प्राणांचा सौदा पुढे येतो.

आणि तो सौदा करण्याचा अधिकार कोणाचा? पाल्मिरा येथील पुरातत्त्वज्ञ खालिद अल-असाद यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावरही आपले शहर सोडले नाही; ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. तो धोका त्यांनी स्वतःच्या जिवावर पत्करला होता. शिपायाला तशी निवड नसते. १९५४ च्या हेग येथील कराराने युद्धात सांस्कृतिक संपत्तीस हात लावण्यास बंदी केली. भारताने तो १९५८ साली मान्य केला. परंतु 'अनिवार्य लष्करी निकड' हा अपवाद त्यातही राहिलाच, आणि तो सर्वस्वी काढून टाकणे कोणत्याही प्रामाणिक सेनापतीस जमेल असे दिसत नाही.

जंगी पलटणीने गढीत पाऊल टाकण्याच्या काही आठवडे अगोदर, १० जुलै १९४४ रोजी, त्याच रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनमधील नाईक यशवंत घाडगे टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. घारापुरी ज्या जिल्ह्यात मोडते त्या तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे ते रहिवासी. वय अवघे २२. तुकडीतील बाकी सारे मारले गेले किंवा जखमी झाले असता त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर धाव घेतली, ती बंद पाडली आणि लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ च्या जुलैमध्ये इटलीतील माँतोने या गावी त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारण्यात आली. 'वसंत' फ्लॉरेन्सच्या चित्रशाळेत आहे.