निळ्या बिंदूचे दुखणे

विजेच्या तारेवर प्लास्टिकचे वेष्टन असते ते वीज अडविण्यासाठी, हे शाळकरी मुलासही ठाऊक आहे. या धारणेला तडा गेला तो एका चुकीमुळे. १९६७ मध्ये टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत पॉलिॲसिटिलीन तयार करताना उत्प्रेरक हजारपट अधिक पडला आणि नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी चांदीसारखा चकाकणारा पापुद्रा हाती आला. पुढे ॲलन मॅकडायर्मिड व ॲलन हीगर यांच्यासह अमेरिकेत या पापुद्र्याला आयोडीनची वाफ देण्यात आली, तेव्हा त्याची वाहकता कोटीपट वाढली. ते निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. नोबेल पारितोषिक मात्र २००० साली मिळाले.

अशा पदार्थांना सेंद्रिय अर्धवाहक म्हणतात. येथे ‘सेंद्रिय’ शब्दाने शेणखत आठवण्याचे कारण नाही. तो कार्बनी संयुगांचा वाचक आहे. त्यांच्या रेणूंत एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीने येतात व त्यामुळे काही इलेक्ट्रॉन एका अणूला जखडून न राहता रेणूभर पसरतात. एका बाजूने इलेक्ट्रॉन व दुसऱ्या बाजूने धन विवरे आत शिरून एकत्र आली, की उरलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते.

अँथ्रासीनच्या स्फटिकातून असा प्रकाश पूर्वीही मिळाला होता, पण त्यासाठी शेकडो व्होल्ट लागत. रॉचेस्टर येथील कोडॅक कंपनीत चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ असे दोन थर एकावर एक चढविले आणि दहा व्होल्टांच्या आत हिरवा प्रकाश मिळविला. आजच्या फोनच्या पडद्यांचे मूळ हेच. मौज अशी, की फिल्मवर जगणाऱ्या कोडॅकने २००९ मध्ये हा व्यवसाय कोरियातील एलजी समूहाला विकला आणि जानेवारी २०१२ मध्ये स्वतः दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. संशोधनाला पैसा पुरविणाऱ्यांना त्याचे मोल कळतेच असे नाही!

शास्त्रज्ञांपुढील प्रश्न वेगळाच आहे. हे थर ओलावा व प्राणवायू सोसत नाहीत. त्यावर काचेच्या बंदिस्त आवरणाचा उपाय निघाला. निळ्या रंगाचे दुखणे अधिक चिवट. निळ्या प्रकाशाची ऊर्जा लाल व हिरव्याहून अधिक, इतकी की तो निर्माण करताना रेणूचे स्वतःचेच बंध तुटू लागतात. त्यामुळे निळे घटक इतरांआधी थकतात. अनेक पडद्यांत निळा बिंदू मुद्दाम मोठा ठेवतात तो त्याच्यावरील भार हलका व्हावा म्हणून.