प्रकाशाच्या टोपीतून मेंदूचें निरीक्षण

छिन्नमनस्कता, म्हणजे डॉक्टरी भाषेंतील स्किझोफ्रेनिया, या व्याधीचें निदान आजहि रोग्याशीं व त्याच्या आप्तांशीं केलेल्या संभाषणावरच मुख्यतः अवलंबून असतें. मधुमेहाप्रमाणें रक्त तपासून तिचा निर्णय लागत नाहीं. मेंदूंतच डोकावून पाहावें म्हटलें, तर एम. आर. आय. यंत्राच्या अरुंद नळींत, मोठा आवाज सोसत, निश्चल पडून राहावें लागतें. ज्याच्या कानांत न दिसणारीं माणसें बोलतात, ज्याला सारें जग आपल्यावर टपलेलें वाटतें, त्याला तेथें निजविणें किती अवघड, हें त्याच्या घरचींच माणसें जाणतात.

यावर एक हलकें साधन निघालें आहे. तांबड्या रंगापलीकडील, डोळ्यांस न दिसणाऱ्या प्रकाशानें जिवंत मेंदूंतील प्राणवायूची घटबढ बाहेरून ओळखतां येते, हें फ्रान्स यॉब्सिस या शास्त्रज्ञानें १९७७ सालीं दाखवून दिलें. अंधारांत बोटांमागें विजेची बत्ती धरली असतां बोटें तांबूस उजळतात. प्रकार कांहींसा तसाच. डोक्यावर चढविलेल्या टोपींतून असा प्रकाश आंत सोडतात व परतलेला टिपून घेतात. प्राणवायूनें भरलेलें रक्त आणि तो देऊन टाकलेलें रक्त हा प्रकाश निरनिराळ्या प्रमाणांत शोषतें. मेंदूचा जो भाग कामास लागतो तिकडे ताज्या रक्ताचा ओघ वाढतो, आणि तो असा मोजतां येतो.

रोगी खुर्चीवर बसून असतो. एका अक्षरानें आरंभ होणारे शब्द भराभर सांगण्यास त्याला सांगतात. निरोगी माणसाच्या कपाळामागील भागांत त्या वेळीं ओघ चांगला चढतो. स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांत तो सरासरीनें कमी चढतो, असें अनेक प्रयोगांत आढळलें आहे. जपाननें तर नैराश्यासारख्या लक्षणांच्या मुळाशीं कोणता विकार आहे हें पाहण्यास पूरक म्हणून ही तपासणी २०१४ सालीं सार्वजनिक विम्यांत घातली.

परंतु ‘सरासरीनें’ या शब्दावर सारें अडतें. शंभर जणांची सरासरी घरांतल्या एका मुलाविषयीं फारसें सांगत नाहीं. नैराश्यांतहि ओघ मंदावतो, औषधांचाहि परिणाम होतो, आणि कपाळाच्या कातडींतील रक्त हिशेबांत घोटाळा करतें. दाट काळे केस व सांवळी कातडी हा प्रकाश बराच गिळतात. भारतीय माणसांवर तो वापरतांना ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. शिवाय प्रकाशाची धांव मेंदूच्या वरच्या थरापुरतीच. खोल केंद्रें त्याच्या टप्प्याबाहेर राहतात. म्हणून निव्वळ टोपी घालून निदान करून देण्याची जाहिरात कोणी केल्यास तीवर भरंवसा ठेवूं नये. त्याच रोग्याची उपचारापूर्वीं व नंतर, दवाखान्यांतच बसवून, पुनःपुन्हा मोजणी करणें मात्र या साधनानें सोपें झालें आहे, आणि संशोधकांचें लक्ष सध्यां तिकडे आहे.