लॅन्सलॉट डावीकडेच का धडकला?

डोळे घट्ट मिटून घरभर फिरलायस कधी? सोफ्याला धडक, टेबलाला धडक, आजीच्या पायांनाही धडक!

अमेरिकेतल्या लॅन्सलॉट नावाच्या कुत्र्याला जन्मापासून दिसतच नव्हतं. का? सांगते!

समज, आपल्या प्रत्येक पेशीत पाककृतींचं एक पुस्तक आहे. त्यातली एकेक पाककृती म्हणजे एकेक जनुक. लॅन्सलॉटच्या पुस्तकातली फक्त एकच पाककृती बिघडली होती! तिचं नाव आरपीई६५. डोळ्यात उजेड पडला की आतलं एक द्रव्य खर्च होतं. ते पुन्हा तयार करायला हीच पाककृती लागते.

आणि काय सांगू, माणसांच्या काही बाळांचीही नेमकी हीच पाककृती बिघडलेली असते! शिवाय कुत्र्याचा डोळा जवळजवळ आपल्या डोळ्याएवढा. उंदराचा? जेमतेम ३ मिलिमीटर! म्हणून प्रयोगाला कुत्राच बरा.

मग शास्त्रज्ञ जीन बेनेट, त्यांचे पती अल्बर्ट मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी बिनचूक पाककृती एका विषाणूत भरली. हो, विषाणूत! घाबरू नकोस, हा आजारी पाडत नाही. पेशीत शिरण्यात मात्र एकदम पटाईत! सुईने तो लॅन्सलॉटच्या उजव्या डोळ्यात सोडला.

काही महिन्यांनी लॅन्सलॉटला आणि असंच औषध दिलेल्या कुत्र्यांना अडथळ्यांच्या खोलीत सोडलं. समोरचा अडथळा? चुकवला! उजवीकडचा? तोही चुकवला! आणि डावीकडचा? धाडकन्!

ओळख पाहू का? डावा डोळा मुद्दाम तसाच ठेवला होता! दोन्ही डोळ्यांत औषध घातलं असतं, तर फरक कशाशी ताडून पाहणार? मला तर या सगळ्या गोष्टीत ते ‘धाडकन्’च सर्वात आवडतं.

ही बातमी २००१ ची. २०१७ मध्ये अमेरिकेत माणसांसाठी या औषधाला परवानगी मिळाली. आणि प्रयोगातली दोन कुत्री, व्हीनस आणि मर्क्युरी, बेनेट-मॅग्वायर यांच्या घरीच राहायला गेली!

आता चल आपल्या पनवेलकडे. खारघर आपल्याच महापालिकेत ना? तिथे टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था आहे. रक्ताच्या कर्करोगासाठी आयआयटी मुंबईत घडवलेला जनुकीय उपचार ४ जून २०२१ रोजी तिथेच पहिल्यांदा रुग्णाला दिला. तोही आधी उंदरांवर तपासला होता!

हा उपचार म्हणजे जनुक बदललेल्या माणसाच्या पेशी. पण त्या उंदराच्या अंगात टिकतील कशा? म्हणून अशा प्रयोगांना खास उंदीर घेतात. त्यांच्या शरीराला परक्या पेशींशी लढताच येत नाही! त्यांच्याजवळ जाताना शास्त्रज्ञ मास्क, हातमोजे, झगा असं सगळं चढवतात. उंदरांच्या भीतीने? छे! आपले जंतू उंदरांना लागू नयेत म्हणून!