छोट्या कुत्रीचे ऑपरेशन : सिल्वासात, वापीत की मुंबईत?

घरात लहान जातीची कुत्री आणली, की वर्षाच्या आत एक प्रश्न हमखास उभा राहतो. पिल्ले होऊ नयेत म्हणून तिचे ऑपरेशन करायचे का, आणि करायचे तर कुठे? पहिल्या प्रश्नावर घरात वाद होतो. दुसऱ्यावर मात्र फारसा विचार होत नाही. कोणीतरी ओळखीचा डॉक्टर सांगतो, कोणी स्वस्तातला, कोणी ‘मुंबईलाच न्या’ म्हणतो. खरे तर जीव अवलंबून असतो तो या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर.

माझी भाची आणि जावई नोकरीनिमित्त सिल्वासात राहतात. आपल्या निपाणी-बेळगाववरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ तिकडे वापीवरून जातो, आणि वापीपासून सिल्वासा पंधरा-वीस किलोमीटर आत आहे. दादरा आणि नगर हवेलीचा हा भाग १९५४ साली पोर्तुगीजांपासून मुक्त झाला. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे मराठी कलावंत उतरले होते. २०२० पासून तो दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश आहे. एका बाजूला गुजरातचा वलसाड जिल्हा, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्राचा पालघर. बाजारात गुजराती, मराठी, वारली, हिंदी सारे कानावर पडते. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या माणसांना ते गाव लवकर आपलेसे होते.

भाचीच्या घरी चिंगी आहे. पांढरी, केसाळ, साडेतीन किलोची. तिला सगळे ‘पॉमेरियन’ म्हणतात, पण आपल्याकडे या नावाने ओळखली जाणारी बहुतेक कुत्री इंडियन स्पिट्झ असतात. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ मधला टफी त्याच जातीचा. चिंगी सात महिन्यांची झाली आणि घरात ऑपरेशनचा विषय निघाला.

‘एकदा तरी पिल्ले होऊ द्या’

भाचीच्या सासूबाई हुक्केरी तालुक्यातल्या. त्यांनी स्पष्ट सांगितले, “ओंदु सला मरी हाकली, आमेल नोडोण.” एकदा पिल्ले होऊ देत, मग पाहू. ही समजूत कन्नड घरात आहे तशीच मराठी घरातही आहे. त्यामागची माया खरी आहे, पण एकदा पिल्ले झाल्याने कुत्रीची तब्येत सुधारते याला आधार नाही. उलट लहान कुत्रीला बाळंतपणच अवघड जाऊ शकते. पिल्लाचे डोके मोठे असले की सिझेरियनची वेळ येते.

ऑपरेशन न केलेल्या कुत्रीला मोठा धोका असतो तो उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा. डॉक्टर याला ‘पायोमेट्रा’ म्हणतात. स्वीडनमध्ये विम्याच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात, ऑपरेशन न झालेल्या सुमारे चौथाई कुत्र्यांना वयाच्या दहा वर्षांच्या आत हा आजार झालेला दिसला. तेव्हा करावे लागणारे ऑपरेशन आजारी, म्हाताऱ्या कुत्रीवर घाईने करावे लागते. स्तनातल्या गाठींचे प्रमाण कमी होते असेही अनेक वर्षे सांगितले जाते. मात्र २०१२ मधल्या एका आढाव्याने त्याचा पुरावा कमकुवत ठरवला. म्हणून तेवढ्या एका कारणावर भर देऊ नये. लहान जातींसाठी साधारण सहाव्या महिन्यानंतर, पहिल्या माजाआधी ऑपरेशन करावे असा सर्वसाधारण सल्ला असतो. माज येऊन गेला असेल तर दोन-तीन महिने थांबतात, कारण त्या काळात गर्भाशयाकडे रक्तपुरवठा वाढलेला असतो. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसारही पाळीव कुत्र्याच्या लसीकरणाची आणि नसबंदीची जबाबदारी मालकावरच आहे.

लहान कुत्रीचे वेगळेपण

‘कुत्रीचे ऑपरेशन काय, रोजच होतात’ असे कोणी म्हणेल. होतात, पण साडेतीन किलोची कुत्री आणि पंचवीस किलोची कुत्री यांत फरक आहे. चिंगीच्या अंगात सगळे मिळून जेमतेम ३०० मिलिलीटर रक्त. रक्तदान शिबिरात आपल्याकडून एका वेळी ३५० मिलिलीटर घेतात! म्हणजे मोठ्या कुत्रीत सहज खपून जाणारा रक्तस्राव इथे जिवावर बेतू शकतो. दुसरे म्हणजे, भूल दिल्यावर लहान शरीर फार लवकर थंड पडते. कुत्र्याचे अंग एरवी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. ते खाली गेले की शुद्धीवर यायला उशीर लागतो. तिसरे, लहान पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवले तर रक्तातली साखर उतरू शकते. म्हणून किती तास उपाशी ठेवायचे हे शेजाऱ्याला विचारू नये, त्याच डॉक्टरांना विचारावे. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर शुद्धीवर येतानाही श्वासाचा त्रास होऊ शकतो.

चार वाटा

भाचीसमोर चार वाटा होत्या. पहिली, सिल्वासातच करणे. तिथले पहिले डॉक्टर प्रामाणिक निघाले. “माझ्याकडे गाई-म्हशी, शेळ्याच जास्त येतात. एवढ्या लहान कुत्रीला भूल देण्याची साधने माझ्याकडे नाहीत,” असे त्यांनीच सांगितले. असा डॉक्टर भेटला तर त्याचे आभार मानावेत. लसीसाठी, तापासाठी पुन्हा त्याच्याकडेच जावे.

दुसरी वाट वापीची, अर्ध्या-पाऊण तासाची. तिसरी मुंबईची किंवा नवसारीची. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे जुने रुग्णालय आहे. ते चालवणारी प्राणिदया संस्था १८७४ सालची, आणि मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झालेले. नवसारीलाही पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जसे आपल्याकडे शिरवळला आणि बीदरला. मोठ्या ठिकाणी अनुभवी सर्जन, रक्ततपासणी, सोनोग्राफी असे सारे एका छताखाली मिळते. हृदयाचा आवाज बिघडलेला असेल, वय जास्त असेल किंवा दुसरा आजार असेल, तर लांबचा प्रवास करावा हेच बरे.

चौथी वाट सासूबाईंची : सुट्टीत गावी आणा, इथेच करू. पण सिल्वासा ते निपाणी सहाशे किलोमीटरच्या आसपास. ताज्या टाक्यांची कुत्री पिशवीत घालून परतीचा एवढा प्रवास करणे बरे नाही. काही बिघडले तर ऑपरेशन करणारा डॉक्टर एका टोकाला आणि कुत्री दुसऱ्या टोकाला! मुंबईलाही हीच अडचण थोड्या प्रमाणात आहे. अंतर पावणेदोनशे किलोमीटर. ऑपरेशननंतरचे पहिले चोवीस तास जपायचे असतात. आतून रक्तस्राव झाला तर तो बहुधा याच काळात कळतो.

भाचीने शेवटी वापीचा एक दवाखाना ठरवला. आधी चिंगीला न नेता ती आणि जावई जाऊन बोलून आले. मोठी पाटी किंवा एसी पाहून त्यांनी तो निवडला नाही. विचारलेल्या प्रश्नांची न चिडता, नेमकी उत्तरे मिळाली, हे खरे कारण.

कोणते प्रश्न विचारावेत?

१. डॉक्टरांची पदवी पशुवैद्यकाची, म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. आहे ना, आणि पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी आहे ना?

२. पाच किलोच्या आतल्या कुत्र्यांची ऑपरेशने इथे नेहमी होतात का?

३. ऑपरेशन एक जण करत असताना भुलेवर लक्ष ठेवायला दुसरे कोणी असते का? श्वासनलिकेत नळी घालतात का, शिरेत सुई लावून ठेवतात का, ऑक्सिजन आहे का?

४. अंग गरम ठेवायची सोय काय?

५. आधी रक्त तपासतात का? आपल्या हवेत गोचिडांपासून होणारा ताप सर्रास आढळतो. त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स घटतात, आणि वरवर कुत्री ठणठणीत दिसू शकते. सिल्वासात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा दमट गावात ही तपासणी टाळू नये.

६. दुखणे कमी करायचे औषध देतात का? घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कधीही देऊ नये. इबुप्रोफेन तर कुत्र्याला विषासारखे ठरू शकते.

७. रात्री दोन वाजता फोन केला तर कोण उचलेल?

फी विचारताना तिच्यात काय काय धरले आहे तेही विचारावे. स्वस्त आकड्यात रक्ततपासणी, वेदनाशामक आणि टाके काढणे नसेल, तर तो आकडा स्वस्त नव्हे.

घरी आणल्यावर

गळ्याभोवतीची प्लास्टिकची कॉलर केविलवाणी दिसते, म्हणून दया येऊन काढू नये. जिभेने टाके उसवायला पाच मिनिटे पुरतात. दहा ते चौदा दिवस सोफ्यावरून उड्या, जिना आणि आंघोळ बंद. पावसाळा असेल तर पोट कोरडे ठेवावे. हिरड्या पांढुरक्या पडल्या, कुत्री उठेना, जखमेतून रक्त येत राहिले, पुन्हा पुन्हा उलटी झाली किंवा दुसऱ्या दिवशीही अन्नाला तोंड लावले नाही, तर सकाळची वाट पाहू नये.

दवाखाना जवळ की लांब, नावाजलेला की साधा, हे नंतर पाहावे. भुलेत असताना तिच्याकडे कोण पाहणार आणि रात्री आपला फोन कोण घेणार, हे आधी पाहावे. या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे जिथे सर्वांत कमी अंतरावर मिळतील, तोच आपल्या कुत्रीसाठी योग्य दवाखाना. मग तो सिल्वासात असो, वापीत असो की आपल्या बेळगावात.