मशीन घेण्याआधी मोरी बघा

रविवारची वंदना संपली की विहाराच्या पायरीवर चपला घालता घालता बायका आम्हाला तब्येतीचं विचारतात. कुणाचा बीपी, कुणाच्या नातवाचा खोकला. गेल्या दोन-तीन महिन्यांत मात्र एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, "सिस्टर, तुमच्याकडे ते पुढून दाराचं वॉशिंग मशीन आलंय ना? घेऊ का आम्हीपण?"

मशीनची चर्चा आरोग्याच्या पानावर कशाला, असं कुणी म्हणेल. आम्ही वॉर्डात आणि ओपीडीत बरीच वर्षं काढली आहेत. कंबर धरून येणाऱ्या बाईला "काम काय करता?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही, घरीच असते." मग आम्ही विचारायचो, पाणी कोण भरतं? धुणं कोण धुतं? १५ लिटरची भरलेली बादली म्हणजे १५ किलो वजन, आणि ओल्या गोधडीला तर हिशोबच नाही. उकिडवं बसून गुडघे जातात, पिळून पिळून मनगटं जातात, पावडरने बोटांना भेगा पडतात. बाळंतपणाला महिना झाला नाही तोच बादल्या उचलायला लागलेल्या बायका पुढे "अंग बाहेर येतं" म्हणून लाजत लाजत सांगायच्या. हे ओझं कमी करणारी वस्तू ही चैन नव्हे. म्हणूनच ती घेताना फसगत होऊ नये.

आमच्या घरी हे मशीन येऊन चार महिने झाले. सात किलोचं आहे, दोन्ही पोरांचे गणवेश, चादरी, सासूबाईंची लुगडी सगळं त्यात जातं. चांगलं काय ते आधी सांगतो. एका धुण्याला साधारण ५०-६० लिटर पाणी लागतं. वरून कपडे टाकायच्या पूर्ण ऑटोमॅटिकला याच्या दुपटीच्या आसपास लागतं. शेवटी मशीन कपडे इतके जोरात फिरवून पिळतं की पावसाळ्यातही घरातल्या दोरीवर लवकर वाळतात. दमट कपडे अंगावर घालून होणारा जांघेतला नायटा त्यामुळे टळतो. आणि बहुतेक पुढून दाराच्या मशीनमध्ये पाणी तापवायची सोय असते. आम्हा नर्स लोकांच्या दृष्टीने हा मोठाच फायदा.

कारण खरूज. एका खोलीत सहा-सात माणसं झोपली की एकाची खरूज सगळ्यांना होते. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं असतं, खाजत नसेल त्यानेसुद्धा. आणि त्याच दिवशी मागच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवायचे. खरजेचा किडा ५० अंशांच्या वरच्या पाण्यात दहा मिनिटांत मरतो. मशीनवर ६० अंशांचं बटण दाबलं की काम झालं. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. हात घालवणार नाही इतकं कडक पाणी टबात घ्या, कपडे बुडवून वीस मिनिटं झाकून ठेवा, पोरांना जवळ येऊ देऊ नका. गोधडी धुणं शक्यच नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाशिवाय तो किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा जगत नाही. औषध मात्र सरकारी दवाखान्यात दाखवूनच घ्या. मेडिकलवाल्याने हातात दिलेल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. त्याने खाज दबते आणि आजार वाढतो.

आता दुसरी बाजू. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका ताईंनी हप्त्यावर असंच मशीन घेतलं, २५-३० हजारांच्या घरातलं. आज त्यावर डाळ-तांदळाचे डबे आणि पोरांची दप्तरं आहेत. हप्ता चालू, धुणं मोरीत. झालं काय, तर त्यांच्याकडे नळ पहाटे पाऊण तास येतो, तोही जमिनीलगत, पाणी करंगळीएवढं. या मशीनचं एक धुणं दीड-दोन तास चालतं आणि ते मधूनमधून तीन-चार वेळा पाणी घेतं. म्हणजे तेवढा सगळा वेळ नळाला पाणी हवं. दार बंद झालं की बादलीने ओतायची सोय नाही. दुकानदाराने रंग दाखवला, ऑफर सांगितली, पाण्याचं कुणी विचारलंच नाही. खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नव्हतं. आमच्या स्लॅबवर टाकी होती म्हणून निभावलं.

मशीनच्या पुस्तिकेत पाण्याचा कमीत कमी दाब लिहिलेला असतो, तो दुकानातच वाचून घ्या. ०.३ बार लिहिलं असेल तर त्याचा अर्थ, टाकीतलं पाणी मशीनपेक्षा निदान दहा फूट उंच हवं. दाब वाढवणारा छोटा पंप मिळतो, पण तो पाणी निर्माण करत नाही, टाकी लागतेच. आणि कृपा करून पत्र्यावर टाकी चढवू नका. २०० लिटरचं पिंप भरलं की २०० किलो होतं, आणि खाली आपली लेकरं झोपतात.

त्याहून जिवावरची गोष्ट विजेची. आमचं मशीन लावलं त्या आठवड्यात दाराला हात लावला की मुंग्या आल्यासारखं व्हायचं. सासूबाई म्हणाल्या, नवीन आहे, होत असेल. वायरमनला बोलावलं तर प्लगला तिसरी पिन होती, पण भिंतीतल्या अर्थिंगची तार कुठे जोडलेलीच नव्हती! ओली फरशी, अनवाणी पाय आणि लोखंडी मशीन. पाणी तापवताना हे मशीन सुमारे २००० वॅट खेचतं. त्याला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, खरं अर्थिंग आणि गळती झाली की लाइन तोडणारा ईएलसीबी लागतो. एक्स्टेन्शन बोर्डवर टीव्ही, फ्रिज आणि मशीन हे चालणार नाही. हा खर्च मशीनच्या किमतीतच धरा. बिलाचं म्हणाल तर गरम धुण्याला साधारण एक युनिट जातं, थंडला त्याहून बरंच कमी. रोजचे कपडे थंड पाण्यातच धुवा.

बाकी बारीकसारीक. मशीन साठेक किलोचं असतं, आत वजनासाठी सिमेंटचा ठोकळा असतो, तेव्हा पोटमाळ्यावर नको. मागचे वाहतुकीचे बोल्ट काढल्याशिवाय चालू करू देऊ नका, नाहीतर घरभर नाचतं. सांडपाण्याचा पाइप मोरीत खाली सोडला तर आत घेतलेलं पाणी तसंच वाहून जातं. त्याचं तोंड दोन-अडीच फुटांवर अडकवायचं. हाताने धुवायची पावडर टाकू नका, फेस मावत नाही आणि कपड्यात साबण राहून अंगाला खाज सुटते. बाळाच्या दुपट्यांना एक खळबळणं जास्त द्या. धुणं झालं की दाराचं रबर पुसा आणि दार बोटभर उघडं ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते. घरात रांगतं मूल असेल तर त्या दारावर नजर हवी. आणि १४ ऑक्टोबरच्या पांढऱ्या साड्या निळ्या झेंड्याच्या कापडाबरोबर टाकू नका. आमच्या जाऊबाईंची साडी आभाळी होऊन निघाली.

एक गोष्ट पुस्तिकेत नसते. मशीन आल्यापासून आमच्या घरात धुण्याचा ढीग वाढला. एकदा घातलेला शर्टही बादलीत. "मशीनच तर धुणार आहे." मशीन भरतं कोण, वाळत घालतं कोण, घड्या कोण करतं? दुसऱ्या महिन्यात आम्ही थोरल्याला आणि त्याच्या बाबांना बटणं शिकवली. शिकायला दहा मिनिटं लागली, तयार करायला तीन आठवडे.

तर घेऊ का, याचं आमचं उत्तर असं. वर टाकी, १६चा पॉइंट, अर्थिंग आणि वाहता सांडपाणी मार्ग असेल तर जरूर घ्या. नळ तासभरच येत असेल तर सेमी ऑटोमॅटिक घ्या. त्यात बादलीने पाणी ओतता येतं, किंमत बरीच कमी, आणि पिळायचं काम तेही करतं. पाणी तापत नाही, तेवढं चुलीवर तापवून घ्यावं लागतं.

मागच्या गल्लीतल्या त्या ताईंचं मशीन आता त्यांच्या नणंदेच्या घरी हललंय. तिथे स्लॅबवर टाकी आहे. दोन्ही घरं वापरतात. ताईंचे वार बुधवार आणि रविवार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर धुण्याच्या खुणा करतात आणि महिनाअखेर बिल वाटून घेतात. गेल्या महिन्यात ताईंच्या नऊ खुणा होत्या, त्यातल्या दोन गरम धुण्याच्या. धाकट्याला खरूज झाली होती, म्हणून.