चार दिवसांचे बाजार, वर्षभराची मुंबई

मुंबईत वडापाव, पावभाजी, मिसळ आणि भेळ बारा महिने तेरा काळ मिळते. त्यांच्याविषयी लिहूनही भरपूर झालं आहे. पण या शहरात काही पदार्थ आठवडाभर, दहा दिवस, फार तर महिनाभर दिसतात आणि मग पुढल्या वर्षापर्यंत नाहीसे होतात. त्यांना कायमचं दुकान नसतं. त्यांचे बाजार कधी तिथीवर भरतात, कधी चंद्रदर्शनावर, कधी चर्चच्या सणावर. पंचांग, हिजरी सन आणि इंग्रजी कॅलेंडर ही तिन्ही एकत्र टांगून ठेवली, तरच मुंबईत कधी कुठे खायला जायचं ते कळतं. या दिवाळीपासून पुढल्या नवरात्रापर्यंत असे कोणते बाजार गाठावेत, हे सांगण्यासाठी हा लेख.

दिवाळीच्या आठवड्यातलं दादर वाचकांना मी नव्याने काय सांगणार! रानडे रोडवर पाय ठेवायला जागा नसते आणि छबिलदासच्या गल्लीत कंदिलांखालून वाकून जावं लागतं. एक मात्र सुचवतो. मोठ्या दुकानांच्या रांगेत उभं राहण्याआधी आसपासच्या सभागृहांतली आणि सोसायट्यांतली महिला उद्योजिकांची प्रदर्शनं पाहा. भाजणीची चकली, पातळ पोह्यांचा चिवडा, ओल्या नारळाच्या करंज्या घरी करून विकणाऱ्या बायका तिथे स्वतः उभ्या असतात. कोणता जिन्नस किती दिवस टिकेल, ते खरं सांगतात. पाकिटावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक आहे का, तेवढं बघून घ्यावं. चिवडाच हवा असेल तर लालबागची चिवडा गल्ली आहेच. परदेशी फराळ पाठवायचा असेल तर महिनाभर आधी हालचाल करावी. भाऊबीजेला न्यू जर्सीत डबा उघडायचा, तर तो नवरात्राच्या सुमारास बांधून तयार हवा.

दिवाळी संपली की मुंबईकर दमून घरी बसतो, आणि नेमकी तेव्हाच वसई तालुक्यात निर्मळची जत्रा येते. कार्तिक वद्य एकादशीला ती सुरू होते आणि पुढे काही दिवस चालते. वसई किंवा नालासोपारा स्टेशनवर उतरून बसने जाता येतं. तळ्याच्या काठी टेकाडावर शंकराचार्यांचं समाधिमंदिर आहे, जवळच होली क्रॉस चर्च आहे, आणि जत्रेला दोन्हीकडची माणसं येतात. या जत्रेला जायचं ते सुकेळ्यांसाठी.

सुकेळी म्हणजे वाळवलेली राजेळी केळी, एवढं सांगून त्यांचं मोल कळत नाही. पूर्ण पिकलेली राजेळी सोलून उन्हात मांडायची. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची. असं आठवडाभर चालतं. वरून साखर किंवा गूळ काही लावायचं नाही. केळ्याची साखर बाहेर येते, त्याला मधासारखा रंग चढतो, आणि मग ती सुक्या केळीच्या पानात घट्ट बांधतात. पावसाळा सरल्यावर ऊन कडक व्हायला लागतं आणि हवेतला दमटपणा कमी होतो, तेव्हाच हे काम जमतं. अवेळी पाऊस आला तर घाणा वाया जातो. आगाशी आणि आसपासच्या गावांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. पण वसईतल्या केळीच्या वाड्यांवर आता इमारती उभ्या आहेत आणि सुकेळी करणारी घरं कमी होत चालली आहेत. मुंबईच्या लोकलमधून उतरून अर्ध्या-पाऊण तासात इतका अस्सल पदार्थ करणाऱ्याच्याच हातून मिळतो, आणि निम्म्या मुंबईला त्याचं नावही ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं. पानाची बांधणी सोडून बघा. केळं मऊ, लवचीक आणि चिकटसर असलं की घ्या. कडक झालेलं असेल तर ते जुनं समजावं.

डिसेंबरात माहीमला मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्याचा दहा दिवसांचा मेळा भरतो. कुराणाचे भाष्यकार म्हणून प्रसिद्ध असलेले हे सुफी संत पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात निधन पावले. पहिली चादर मुंबई पोलिसांची, हा तिथला जुना रिवाज. पोलीस बँडच्या सुरांत निघणारी ती मिरवणूक एकदा तरी पाहावी. दर्ग्यापासून समुद्राच्या दिशेने पाळणे आणि खाऊच्या गाड्या लागतात. कबाब आणि बैदा रोटी माहीमला एरवीही मिळते, पण मेळ्यात शोधायचा तो हलवा-पराठा. परातीएवढा मैद्याचा पराठा मोठ्या कढईत तळायचा, त्याचे तुकडे मोडून वजनावर द्यायचे आणि त्यावर रव्याचा गरम, केशरी रंगाचा हलवा घालायचा. उरुसाच्या गर्दीबाहेर हा पदार्थ सहसा दिसत नाही. माहीमचा म्हणून ओळखला जाणारा पातळ पापुद्र्यांचा, कागदाच्या घड्यांत ठेवलेला हलवा मात्र वेगळा. तो दुकानात वर्षभर मिळतो.

त्याच महिन्यात वांद्रे आणि वसई नाताळच्या तयारीला लागतात. हिल रोडच्या बेकऱ्यांमधले प्लम केक छान असतात, पण माझा आग्रह चर्चच्या आवारातल्या टेबलांचा आहे. डिसेंबरातल्या रविवारी मिस्सा आटोपली की अनेक चर्चबाहेर घरगुती खाऊची विक्री होते. काट्याच्या पाठीवर वळलेले कुलकुल, पेरूचं चीज, खजुराचे रोल, मिल्क क्रीम, आणि बदामाऐवजी काजू वाटून केलेलं मार्झिपॅन. ही काजूची युक्ती इथल्या किनाऱ्याची आहे. ईस्ट इंडियन समाजाने 1887 साली हे नाव घेतलं, पण ही माणसं मुंबई, साष्टी आणि वसईची मूळची. मराठीच्याच एका बोलीत बोलणारी. त्यांच्याकडे फुगे मिळाले तर सोडू नका. मैदा, अंडी आणि नारळाचं दूध फेसून, आंबवून तळलेले हे पोकळ गोळे पूर्वी ताडीवर फुगवत. सोरपोतेल किंवा खुडीबरोबर ते गरमच खावेत. याच टेबलांवर कधी बाटली मसाला दिसतो. एप्रिल-मेच्या उन्हात वीस-पंचवीसहून अधिक जिन्नस भाजून, लाकडी उखळात कुटून, बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायचा हा मसाला. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. बाटली गडद का, याचं उत्तर सरळ आहे: उजेड लागला की मसाल्याचा रंग आणि वास उडतो.

इथे थोडं थांबून एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. अलीकडे मॉलमध्ये, हॉटेलांच्या हिरवळीवर, गिरण्यांच्या जुन्या आवारांत नाताळ आणि दिवाळीचे चकचकीत तात्पुरते बाजार भरतात. दिवे सुंदर असतात, फोटो छान येतात. पण स्टॉलचं भाडं इतकं जबर असतं, की घरगुती काम करणाऱ्या बाईला ते परवडत नाही. मग तिथे उरतात ते वर्षभर सगळीकडे मिळणारे वॅफल, बर्गर आणि चीज घातलेलं काहीही. सणाचा पदार्थ सोडून सणाची सगळी सजावट तिथे असते. कुठल्याही बाजारात शिरल्यावर मी एकच प्रश्न विचारतो: हे कोणी केलं? समोर उभ्या माणसाने ‘मी केलं’ किंवा ‘आईने केलं’ असं सांगितलं की खिशात हात घालायचा.

या कसोटीवर मुंबईतला सर्वांत मोठा आणि मला सर्वांत प्रिय असलेला बाजार म्हणजे महालक्ष्मी सरस. राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे ‘उमेद’, तो भरवतं. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर राज्यभरातल्या बचत गटांच्या बायका दहा-बारा दिवस येऊन राहतात. तारखा दर वर्षी हिवाळ्यात मागेपुढे होतात, म्हणून डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रावर नजर ठेवावी. विक्रीच्या दालनात सोलापूरची शेंगा चटणी, कडक भाकरी, विदर्भातले सांडगे आणि सरगुंडे, कोकणची आमसुलं, तिरफळं, कुळथाचं पीठ. पण पाय ओढतात ते खाण्याच्या दालनाकडे.

तिथे खानदेशी मांडे करणारी बाई हमखास असते. तिच्यासमोर निदान दहा मिनिटं उभं राहा. सैल मळलेल्या, तेल पाजलेल्या कणकेत कणकेहून जास्त पुरण भरून ती गोळा थापते. मग तो दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर झुलवत पसरवत जाते. लाटणं नाही, पोळपाट नाही. कोपरापर्यंत आलेली ती पारदर्शक पोळी पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची, आणि फाटली तर सगळं गेलं. खापराखाली लाकडं धगधगत असतात, शेजारी तुपाची वाटी असते. घडी घातलेला मांडा दुधात किंवा आमरसात कुस्करून खायचा. ही कला पुस्तकातून येत नाही. सासू किंवा आई शेजारी उभी राहते, पहिले कित्येक मांडे फाटतात, आणि मग कधीतरी हात बसतो. पलीकडच्या स्टॉलवर तांबडा-पांढरा रस्सा, त्याच्या पुढे नागपूरचा वडाभात, सावजी मटण, मालवणचे कोंबडी-वडे. सगळं एका दिवसात खाता येत नाही. दोन फेऱ्या कराव्यात, आणि त्या आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी. शनिवार-रविवारी संध्याकाळी बायकांना बोलायला उसंत नसते, आणि त्यांच्याशी न बोलता परतण्यात काही अर्थ नाही.

याच दिवसांत उपनगरांतल्या मैदानांवर मालवणी जत्रोत्सव भरतात आणि पौष पौर्णिमेला प्रभादेवीची जत्रा सुरू होते. तिथला खाजा घ्यायचा. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वर आलं घातलेल्या गुळाचा लेप. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

संक्रांतीला भुलेश्वर, घाटकोपर आणि कांदिवलीत उंधियोच्या रांगा लागतात. सुरती पापडी, जांभळा कंद, हिरवी लसूण आणि मेथीचे मुटके यांचा खरा हंगाम तोच. हे मूळचं जमिनीत पालथ्या मडक्यात शिजणारं शेतावरचं जेवण. अगदी तसंच आपल्या रायगडात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, हवं तर कोंबडी आणि अंडी. तोंड पाल्यानेच बंद करायचं, मडकं पालथं घालायचं, भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. जानेवारीत पनवेल आणि अलिबागच्या बाजूला कोणी शेतावर बोलावलं तर सगळी कामं टाकून जावं. शक्य असेल तर एकाच आठवड्यात भुलेश्वरचा उंधियो आणि अलिबागची पोपटी खाऊन पाहा. वर्सोव्याच्या कोळी बांधवांचा सीफूड महोत्सवही साधारण जानेवारीतला. आपल्या होडीतली मासळी आपल्या चुलीवर रांधणाऱ्या कोळणींचे स्टॉल तिथे असतात.

रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. 2026 साली तो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होतो, म्हणजे ऐन सुखद हवेत. मशीद किंवा सँडहर्स्ट रोडला उतरून मीनारा मशिदीपर्यंत चालत जावं. इफ्तारनंतर लगेच जाऊ नये. रात्रीची तरावीहची नमाज संपल्यावर बाजार खरा रंगतो आणि सहरीपर्यंत जागा असतो. दूध, मैदा, अंडी आणि मावा फेटून तुपात सोडलेला मालपोवा मलईबरोबर खायचा. एकात दोघांनी खावा इतका तो भरभक्कम. मातीच्या थाळीतली थंड फिरनी त्यानंतर. बहुतेक लोक इथूनच परततात, आणि तिथे चुकतं. भेंडीबाजारातल्या बोहरी मोहल्ल्यात गेल्याशिवाय ही रात्र पुरी होत नाही. बारा हंड्यांत रात्रभर मंद आचेवर पाये, नळी, मगज वेगवेगळं शिजतं, आणि वाढणारा माणूस तुमच्या सांगण्याप्रमाणे या हंडीतलं त्या हंडीत मिसळून देतो. सोबत खमिरी रोटी. शेवट लाकडी संचातल्या, हाताने घुसळलेल्या आइस्क्रीमवर. मांसाहार न करणाऱ्यांनीही यावं. खजला, फेणी, नानखटाई, फिरनी एवढ्यावर पोट भरतं. आणि कोकणी मुसलमानांच्या घरचं, तांदळाचं वाफवलेलं गोड सांदण कुठे मिळालं, तर त्यात आपल्या रत्नागिरीचीच चव सापडेल.

8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी वांद्र्याच्या माऊंट मेरीची जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. हात, पाय, घर, बाळ अशा आकारांच्या मेणबत्त्या घेऊन सर्व धर्मांचे लोक टेकडी चढतात. उतरताना दुतर्फा खाऊची दुकानं असतात, आणि त्यांत गोव्याकडचे विक्रेते एक ढीग मांडून बसलेले असतात: बेसनाच्या कांड्या, वर आल्या-गुळाचा लेप. गोव्याच्या देवळांच्या जत्रांत आणि चर्चच्या फेस्तांत विकलं जाणारं हे खाजें. आता त्याला भौगोलिक मानांकनही आहे. प्रभादेवीच्या देवळासमोर जानेवारीत घेतलेला मालवणी खाजा आणि माऊंट मेरीच्या पायथ्याशी सप्टेंबरात घेतलेलं खाजें शेजारी ठेवून खाऊन पाहा. आल्याचं प्रमाण कमी-जास्त असेल, एवढाच फरक.

मग नवरात्र येतं. शिवाजी पार्कच्या बेंगॉल क्लबच्या दुर्गापूजेत खिचुडीचा भोग आणि कोशा मांशो खावं, आणि वर्षाचा फेरा पूर्ण होतो.

जाताना कापडी पिशवी, सुटे पैसे आणि एक रिकामा डबा बरोबर असू द्या. घरगुती खाऊ विकणाऱ्या बाईशी घासाघीस करू नका. आवडलं तर तिचा फोन नंबर मागून घ्या आणि सण नसतानाही मागणी नोंदवा, कारण दहा दिवसांच्या विक्रीवर तिचं वर्ष निघत नाही. यांतला निदान एक बाजार आपल्या घरच्या सणाचा नसलेला निवडा आणि मुलांना बरोबर न्या. सुरुवात निर्मळपासून करा. एकादशीला सकाळी लवकर निघा, दुपारनंतर चांगली सुकेळी उरत नाहीत.